हवेतला बिघाड

माझ्या भावाचं एकच पालुपद, "बाबा विसरायला लागलेत, त्यांना आता कामावर नेऊ नकोस." मी म्हणत होते, विसरेनात का, हात तर चालतात. आजचं काम नीट पार पाडून मला भावाचं तोंड बंद करायचं होतं. आणि बाबा सकाळपासून माझं डोकं खात होते.

रुग्णवाहिकांना निरोप देणाऱ्या खोलीतला रेडिओ खरखरत होता. गच्चीवरच्या अँटेनापर्यंतची केबल बाबांनीच टाकलेली. मी खालच्या टोकाला मीटर जोडला. तो केबलमध्ये सिग्नल सोडतो. केबल जिथे खराब असेल तिथून सिग्नल उलटा फिरतो आणि मीटर अंतर सांगतो. मीटर म्हणाला, एकतीस मीटर. टेप लावून वाट मोजली तर अँटेनाच चोविसावर. म्हणजे बिघाड अँटेनाच्या पुढे, हवेत.

"तुझा मीटर बिघडलाय," बाबा म्हणाले.

"मीटरमध्ये केबलचा प्रकार बरोबर भरलाय, दोनदा तपासलाय. तुम्ही कुठे जास्तीची केबल ठेवली होती का?"

"मी? वीतभरसुद्धा नाही. माझ्या हाताखाली शिकलीस आणि मलाच अक्कल शिकवतेस?"

मीटर बदलावा की बाप, हेच मला कळेना. रेडिओ सांभाळणाऱ्या बाई मोबाइलवरून निरोप देता देता म्हणाल्या, "तुमचं भांडण संपलं की सांगा हं."

वैतागून शिडी लावली आणि खोलीच्या फॉल्स सीलिंगचा एक चौकोन उचलला. आत केबलचं हे एवढं वेटोळं, लाल चिकटपट्टीने बांधलेलं. पट्टीचं टोक आत दुमडलेलं. सोडवणाऱ्याचं नख तुटू नये म्हणून बाबा असं करतात, आणि त्यांचं बघून मी. वेटोळं दहा मीटरचं भरलं. एकतिसातून दहा गेले, म्हणजे बिघाड गच्चीवर, अँटेनाच्या थोडा अलीकडे. मीटरचं बरोबर होतं. आता बाबांना चांगलं सुनवायचं म्हणून मी वेटोळं खाली ओढलं.

बाबांनी ते हातात घेतलं, पट्टीचं दुमडलेलं टोक चाचपलं.

"कुठल्या गाढवानं हे इथं कोंबलं? सांगायचं तरी."

ते हसतील म्हणून मी थांबले. ते हसले नाहीत. त्यांचा राग खरा होता. मला वाटलं, मीटरच चुकला असता तर किती बरं झालं असतं.

"असल्या माणसाला पुन्हा कामावर नेऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही नेणार, बाबा."