कागदावरची म्हैस

आमचे हे, म्हंजी नबीलाल, लई भिडस्त माणूस. बाजारात कुणी ह्येंच्या पायावर पाय दिला, तर हेच म्हणणार, "माफ करा, माझाच पाय मधी आला." असल्या माणसाचा संसार मी मुमताजनं वीस वर्सं ओढला. मला कुणीतरी सत्कार करून नारळ द्यायला पायजे.

अठ्ठ्याण्णव साली हे यवतच्या एका खाजगी दवाखान्यात चादरी धुवायला होते. पिळायच्या मशीनचं झाकण दोन म्हैनं मोडलेलं. ह्येंनी तीनदा सांगितलं, कुणी मनावर घेतलं न्हाई. एक दिवस चादर गुंतली आन् तिच्यासंगं उजव्या हाताची दोन बोटं गेली.

टाके घालून झाले तसे मॅनेजर सोपानराव कागद घेऊन आले. "घरी कडबा कापायच्या कुट्टीत हात गेला, असं लिवलंय. सही करा, नबीभाई. हात बरा झाला की कामावर घेतो." ह्येंनी डाव्या हातानं सही ठोकली. घरी येऊन सांगितलं तवा मी कपाळच बडवलं.

"अवो, कुट्टीत हात जायला दारात जनावर लागतं! आपल्याकडं हायेत दोन कोंबड्या. कोंबडीला कडबा घालता व्हय?"

"सोपानराव बागायतदार माणूस," हे म्हणाले. "त्येंना वाटलं, समद्यांच्याच दारात म्हैस असती."

तीन म्हैनं झाले तरी कामावर बोलावणं न्हाई. मग मीच अर्ज लिहून घेतला, एसटी धरली आन् पुण्याला कामगारांच्या हापिसात देऊन आले. चौकशीला साहेब येणार म्हणून चिठ्ठी आली. आमच्याकडं बी आन् दवाखान्यात बी.

त्या सकाळी दार उघडते तर काय! सोपानरावांचा गडी आमच्या अंगणात म्हैस बांधतोय, शेजारी कुट्टीचं मशीन. सोपानराव हात जोडून हुबे. "एवढं सांभाळून घ्या, नबीभाई. उद्यापासनं कामावर या." आन् आमचे हे? म्हशीला पाणी दाखवाया बादली घेऊन निघाले! हसावं का रडावं, सांगा.

साहेब आले. म्हैस बघितली, कुट्टी बघितली. "ही तुमचीच का?"

"त्येंचीच, घरचीच," सोपानरावच बोलले.

माझ्या जिभेवर धा उत्तरं तयार. पण साहेबांनी हात वर केला. "बाई, ज्याची बोटं गेली त्यालाच बोलू द्या." ह्येंनी आता मान डोलावली असती, तर पुरं आयुष्य त्या कुट्टीतच गेलं असतं.

ह्येंनी बादली खाली ठेवली. हातावरचं फडकं सोडलं.

"साहेब, म्हैस ह्येंची हाय. बोटं माझी. ती दवाखान्यात गेली, मशीनला झाकण नव्हतं म्हणून."

साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. "ही कामावरची दुखापत आहे. भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. आणखी काही सांगायचंय?"

"हाय," हे म्हणाले. "त्या मशीनवर आता सविता हुबी राहती. दोन लेकरांची आई. झाकण अजून बसलं न्हाई. ते आज बसवा साहेब, माझं मागनं बघा."

साहेब कागदाची घडी घालून तडक दवाखान्याकडं निघाले. सोपानराव म्हैस तशीच सोडून त्येंच्या मागं पळाले. मला मात्र रडू आवरंना.