चार दिवस झाडलेला किनारा

आमच्या बेटावर पहिलं प्रवासी जहाज थांबलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि लग्नाला दोन वर्षं झाली होती. आता चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण तो दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगा म्हटलं तर सांगते.

जहाज दहाला येणार, चारला जाणार. प्रवाशांना थांबा आवडला तर दर पंधरवड्याला येणार, नाही आवडला तर पुन्हा तोंड दाखवणार नाही, असं कंपनीनं कळवलं होतं. गावाला ती मौज होती. आमच्या घराचं मात्र सगळं त्यावर अडलं होतं. मासळी आटली होती. ह्यांना पलीकडच्या मोठ्या शहरात कारखान्यात काम मिळालं होतं आणि पुढच्या सोमवारी निघायचं होतं. वर्षातून दोनदा घरी यायला मिळेल, असं ह्यांनी मला सांगितलं ते भिंतीकडे बघून. पण आमच्याकडे जहाज लागायला धक्का नव्हता. जहाज येत राहिलं असतं तर माणसं काठाला आणायला कंपनीला इथलाच नावाडी कायमचा लागला असता, आणि खडकांमधली वाट ह्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

म्हणून सासूबाईंनी किनारा आपल्या ताब्यात घेतला. जहाज यायच्या आधी चार दिवस आम्ही बारा बायका वाळू झाडत होतो. आमच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचा खच पडायचा. पाय कापायचे, जाळी फाटायची. भरतीला समुद्र नवे आणून टाकायचा, ओहोटीला आम्ही पुन्हा झाडू घेऊन हजर. "ह्याला दुसरा धंदा नाही," सासूबाई समुद्राकडे बघून म्हणायच्या, जसं काही तो त्यांचा आळशी दीर होता. गोळा केलेलं सगळं जाळ्यांच्या खोलीमागे टाकलं. पुरुषभर उंचीचा ढीग झाला. त्यावर जुनं शीड अंथरून सासूबाईंनी मला बजावलं, "तिकडे एकालाही फिरकू देऊ नकोस. घरचा कचरा पाहुण्यांना दाखवतात का?"

दहाला जहाज आलं. हे आणि धाकटे दीर होडीतून माणसं आणत होते. काठावर कंपनीचा अधिकारी पांढरी टोपी घालून, हातात वही घेऊन उभा होता. मास्तरांनी प्रवाशांना रांगेनं फिरवलं. आधी शाळा, मग नवं कार्यालय, मग पाण्याची टाकी. टाकीपाशी मास्तर अर्धा तास बोलले. ती किती पाणी धरते, पाया किती खोल आहे, सिमेंट कुठून आणलं. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थांनी शेवटी अगदी सभ्यपणे विचारलं, "बघायचं काय आहे?"

"टाकी," मास्तर म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? नळाला पाणी येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्याहून बघण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही आहे, असं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

एकच्या सुमाराला लोक परत काठावर जमायला लागले. कुणी जांभया देत होतं, कुणी बुटांतली वाळू झटकत होतं. मी पाण्याच्या कळश्या घेऊन तिथेच उभी होते. पांढऱ्या टोपीनं ह्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तुमचा दोष नाही. तुमची होडी उत्तम चालते. पण इथे सहा तास काढण्यासारखं काही नाही. मी तसंच लिहिणार आहे."

ह्यांनी मान हलवली आणि दोर गुंडाळायला घेतला. गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळला.

तेवढ्यात माझं लक्ष एका आजीबाईंकडे गेलं. माझ्या आताच्या वयाच्या असतील. चपला हातात घेऊन, कमरेत वाकून त्या झाडलेल्या वाळूवर काहीतरी शोधत होत्या.

"काही पडलं का तुमचं?" मी विचारलं.

"नाही गं. नातीला एक शिंपला आणीन म्हणून कबूल केलंय." त्यांनी चष्म्याचं रिकामं घर उघडून दाखवलं. "हे बघ, जागासुद्धा करून ठेवली. पण तुमच्या समुद्राला शिंपलेच नाहीत वाटतं?"

मी कळश्या खाली ठेवल्या. सासूबाई वीस पावलांवर होत्या. त्यांचा शब्द मी तोवर एकदाही मोडला नव्हता, मोडायची छाती कुणाचीच नव्हती. पण सोमवार चार दिवसांवर आला होता.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणाले. "आणि त्या सगळ्यांनाही बोलवा."

जाळ्यांच्या खोलीमागे नेऊन मी शिडाचं एक टोक धरलं, दुसरं नणंदेला धरायला लावलं. "वहिनी, आई जीव घेईल," ती म्हणाली, पण तिनं ओढलं. शीड घसरलं आणि चार दिवसांचा समुद्र उन्हात उघडा पडला. गुलाबी, जांभळे, वाघासारखे पट्ट्यांचे, नखाएवढे, ताटाएवढे.

आजीबाई सरळ खाली बसल्या, आणि त्यांच्यामागे सगळेच. कॅमेरेवाले गृहस्थ पोटावर झोपून फोटो काढायला लागले. मुलं ढिगावर चढून घसरायला लागली. आत्ता परत निघालेली माणसं होडीतून उड्या मारून धावत आली.

सासूबाई झाडू घेऊनच आल्या. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. त्या काही बोलणार, इतक्यात आजीबाईंनी एक शिंपला त्यांच्यापुढे धरला. "बाई, ह्याला काय म्हणता हो?"

"त्याला?" सासूबाई अडखळल्या. "म्हातारीचा कान."

"आणि हा?"

"उंदराचं ताट. तो असा नाही मिळत. तीन दिवस उलटा वारा सुटला तरच येतो." झाडू केव्हा भिंतीला टेकला गेला ते त्यांनाही कळलं नसेल. पाच मिनिटांत त्या उलट्या टोपलीवर बसल्या होत्या आणि माणसं रांग लावून शिंपले दाखवत होती. "ढकलाढकली नको. ओ कॅमेरेवाले, तुमचं एकदा झालंय. मागे जा."

आज असे ढिगानं शिंपले न्यायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. तेव्हा आम्हाला ती अक्कल नव्हती.

चारला भोंगा वाजला. कुणी मान वर केली नाही. सव्वाचारला पुन्हा वाजला. मी पांढऱ्या टोपीला शोधलं, तर तो विजारीचे पाय दुमडून ढिगाच्या पलीकडे उकिडवा बसला होता. टोपी शिंपल्यांनी भरली होती.

"साहेब, जहाज," मी म्हणाले.

"वाजू दे," तो म्हणाला. "हा कोणता, ते जरा त्यांना विचारून सांगता?"

जहाज पावणेपाचला हललं. त्याआधी शेवटच्या फेरीला पांढरी टोपीवाला स्वतः होडीत बसला. हे वल्ही मारत त्याला घेऊन गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून वाट बघत राहिले. सासूबाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. लुगडं भिजत होतं, तरी त्यांनी वर घेतलं नाही.

"माझं ऐकलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"नाही ऐकलं."

"बरं केलंस." त्या समुद्राकडे बघत होत्या. "तो येतोय बघ. बसून वल्हवतोय की उभ्यानं?"

हे उभे होते. आमच्याकडे होडी भरून मासळी आली की नावाडी उभ्यानं वल्हवत येतो, म्हणजे काठावरच्यांना लांबूनच कळतं. त्या होडीत एकही मासा नव्हता. हे ताठ उभे राहून, सगळ्या गावाला दिसेल असे, सावकाश येत होते.