पहिल्या हंगामाचा माणूस

आपल्याकडे कुठलंही काम सुरू व्हायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो. कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली यावर दोन बैठका होतात, रुसवेफुगवे होतात, आणि मग सवड मिळाली तर काम. केजच्या शिवशंकर सरांच्या आयकिडो शाळेला पाच वर्षांत एकही फ्लेक्स लागला नव्हता, हे खरं तर नवलच होतं.

आयकिडो ही जपानी विद्या. अंगावर येणाऱ्याचा जोर त्याच्यावरच उलटवून त्याला जमिनीवर आणायचं, शक्यतो इजा न करता. पण दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतःला अंग सांभाळून पडता यावं लागतं, आणि त्यातच पहिले कित्येक महिने जातात. सरांनी पुण्यात एका वर्कशॉपात नोकरी करत चौदा वर्षं ही विद्या घेतली आणि गावाकडच्या लेकरांना शिकवायची म्हणून ते केजला परतले. बाजारामागचं आपलं रिकामं गोदाम अर्जुनरावांनी त्यांना वापरायला दिलं होतं. अर्जुनराव मोठे बागायतदार, तालुक्याच्या राजकारणातले. मनाने वाईट नव्हते, पण कुठल्याही कामात आपलं माणूस पुढे दिसावं, ही त्यांची जुनी खोड होती.

यंदा उन्हाळी सुट्टीची नवी तुकडी भरायची म्हणून त्यांनीच फ्लेक्सचं मनावर घेतलं. त्यावर ‘आमचे प्रशिक्षक व त्यांचे प्रशिक्षण’ असा मजकूर हवा होता. सरांच्या चौदा वर्षांची अडचण नव्हती. अडचण उरलेल्या दोघांची होती. अभिमन्यू हा अर्जुनरावांचा पुतण्या. अंगाने धडधाकट, पण त्याची शिदोरी म्हणजे दहा दिवसांचं एक शिबिर. आणि वनमाला ऊसतोड कामगाराची मुलगी. आठ वर्षं ती सरांच्या हाताखाली होती, त्यातली पहिली तीन तर शाळा निघण्याआधी सर सुट्टीला येऊन शिकवत तेव्हाची. दिवाळीच्या सुमारास ती आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायची, हंगाम संपला की परत यायची, आणि तिथे फडात पडलेल्या उसाच्या वाळक्या पाचटावर कोलांट्या मारून सराव चालू ठेवायची. दोन वर्षांपूर्वी तिला ब्लॅक बेल्ट मिळाला होता.

अर्जुनरावांनी सुचवलं, अभिमन्यूची सात वर्षं लिहा आणि त्याला मुख्य प्रशिक्षक करा. वनमालाचं शिक्षण पुण्यात झालं असं टाका, ऊसतोडीचं नाव कशाला, शहरातले लोक पोरी पाठवणार नाहीत. सर जरा घुटमळले.

“फ्लेक्सवर काय शपथपत्र लिहायचं हाय का, सर?” अर्जुनराव हसून म्हणाले.

सरांनी होकारार्थी मान हलवली. गोदाम त्यांचं होतं, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला वाईटपणा घ्यायचा, असं त्यांना वाटलं. आपल्यालाही वाटलं असतं.

फ्लेक्स लागला त्या सकाळी वनमाला बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग आत येऊन हळूच म्हणाली, “सर, मी पुण्याला कधी गेलतेच न्हाई.” सरांनी सांगितलं, लोकांसाठी असतं ते, तू मनावर घेऊ नको. ती मॅट अंथरायला लागली.

सुनिताबाई शिवणकाम करून घर चालवणाऱ्या. आपल्या नऊ वर्षांच्या मुलीचं, संस्कृतीचं, नाव घालण्याआधी त्यांनी चष्मा लावून फ्लेक्स शब्द न् शब्द वाचला आणि मुलगी सात वर्षं शिकलेल्या मुख्य प्रशिक्षकाकडेच द्यायची असं ठरवलं. चौथ्या दिवशी सर तहसील कचेरीत गेले होते. पोरांना काहीतरी जोरदार दाखवावं म्हणून अभिमन्यूने संस्कृतीला डाव टाकून फेकलं. पडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. जीव वाचवायला तिने हात ताठ पुढे केला आणि कोपराचं हाड मोडलं. पलीकडे लहान मुलांना शिकवणारी वनमाला धावत आली, ओढणीने तिचा हात गळ्यात बांधला आणि जीप थांबवून तिला दवाखान्यात नेलं.

सर पोचले तेव्हा सुनिताबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं.

“मी अडाणी न्हाई, सर. वाचून पोरगी टाकली. तुमीच लिवलं होतं ना सात वर्षं?”

सर बाकाच्या टोकाला टेकले. तेवढ्यात वनमालाची आई छबुबाई चहाची किटली घेऊन आली. तिने दोघांना चहा दिला आणि तिथेच खाली बसली.

“सर, एक ईचारू? ह्या पोराला काहून पुढं केलं?” ती म्हणाली. “ऊस ट्रकात भरताना मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं चढावं लागतं. आमच्या टोळीत पैल्या हंगामाचा मानूस त्या फळीवर चढत न्हाई. मुकादमाचा पोरगा का असंना. त्यानं खाली मोळ्या बांधायच्या. पाय घसरला की मोळी अंगाबाहेर टाकून कडेला कसं लोळायचं, ते आधी शिकायचं. वनीला मी तितंच शिकवलं. किती हंगाम केले, ते आमी कुनी खोटं सांगत न्हाई, सर. खोटं सांगितलं तर फळीवरचा मागचा मानूस मरतो.”

सरांनी कप खाली ठेवला. ते इतका वेळ मनातल्या मनात अभिमन्यूला दोष देत होते. पण पहिल्या हंगामाच्या त्या पोराला फळीवर चढवलं कुणी? आपणच! चौदा वर्षं शिकलेल्या माणसानेच! त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी सुनिताबाईंना सगळं खरं सांगितलं. दहा दिवसांच्या शिबिराचं, आणि आपण मान हलवल्याचंही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः शिडीवर चढून फ्लेक्स उतरवला. संध्याकाळी अर्जुनरावांचा निरोप आला, फ्लेक्स नाही तर गोदामही नाही, आणि सरांनी गोदामाची किल्ली पाठवून दिली. वर्ग भरू लागला तो जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर. वनमालाने आणि छबुबाईने पोत्यांत पाचट भरून गाद्या शिवल्या. तिसऱ्या दिवशी अभिमन्यू आला. कुणाकडे न बघता लहान पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहिला आणि त्यांच्यासारखाच पडायला शिकू लागला.

दीड महिन्याने सुनिताबाई संस्कृतीला घेऊन आल्या. तिचं प्लास्टर निघालं होतं. मैदानाच्या कडेला पत्र्यावर रंगाने लिहिलेली पाटी होती. सुनिताबाईंनी चष्मा लावला आणि ती मोठ्याने वाचली. शिवशंकर, पुण्यात चौदा वर्षे, इथे एकदा खोटी माहिती लिहिली आणि एका मुलीचा हात मोडला. वनमाला, आठ वर्षे, त्यातले निम्मे महिने ऊसतोडीला; पडण्याचे पहिले धडे आईकडून, फडात. अभिमन्यू, दहा दिवसांचे शिबिर, सध्या विद्यार्थी.

वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मुलीचा बरा झालेला हात त्यांनी वनमालाच्या हातात दिला.

“पैल्यांदा काय शिकवनार?”

“पडायला,” वनमाला म्हणाली.

“मंग शिकवा.”

मंडळी, फुगवलेल्या आकड्याने शिकवणाऱ्याचं काही बिघडत नाही. हाड मोडतं ते विश्वासाने शिकायला आलेल्या लेकराचं. आणि जिथे खरी विद्या असते ती आपण लपवतो, कारण ती फडातून आलेली असते. तेव्हा आपलं लेकरू कुणाच्या हाती देताना निःसंकोच विचारा, किती हंगाम केले? आणि तोच प्रश्न कुणी आपल्याला विचारला, तर खरं तेवढंच सांगा.