आधी काच काढ

आमच्या घरात काच लागणं म्हणजे दुसऱ्यांच्या घरात डास चावणं. खिडक्यांना काचा आणि भिंतींना आरसे बसवणारं घर आमचं, त्यामुळे रोज कुणाच्या तरी हातात कुसळाएवढी काच शिरायचीच. मग सासरे वरच्या खिशातून चिमटा काढणार, तो हात उजेडाकडे वळवणार, काच अलगद उपटणार आणि म्हणणार, "काचेनं ओळख करून घेतली बघ." वर चिकटपट्टी लावली की माणूस परत कामाला. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा "डॉक्टरकडे जाऊया का?" असं विचारलं होतं. त्यावर सगळे पोट धरून हसले होते. आधी काच काढ, मग रड, हा इथला कायदा.

त्या दुपारी नवरा एक उंच आरसा टेबलावर आडवा करत होता, तोही एकटाच. "थांब, मी धरते," मी म्हटलं. पण दुसऱ्यासाठी थांबणं आमच्या साहेबांच्या रक्तातच नाही. आरसा टेबलाच्या कडेवर आपटून फुटला आणि सुरीच्या पात्याएवढा तुकडा त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुतला. रक्त मात्र फारसं आलं नाही. बाजूने एक बारीक ओघळ, बस. तो हाताकडे बघत नुसता उभा राहिला.

"बघत काय बसलास?" सासरे पलीकडून ओरडले. "ओढ सरळ!"

काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सांगता येईना. मी तोंड उघडेपर्यंत त्याने तुकडा ओढलाच.

रक्त उडून माझ्या गळ्यापर्यंत आलं. मी ओढणी गोळा करून जखमेवर दाबली आणि आरशांना गुंडाळायच्या घोंगडीवर त्याला कसंबसं आडवं केलं. सासऱ्यांनी रुग्णवाहिकेचा नंबर लावून फोन माझ्याजवळ जमिनीवर ठेवला.

"काच अजून आत आहे का?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"नाही, काढली."

"बरं. आता दोन्ही हातांनी घट्ट दाबा. उचलून बघू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. गाडी निघाली आहे."

ओढणी भिजली. वर सासऱ्यांचा सदरा ठेवला, तोही भिजायला लागला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हा म्हणत होता, "थंडी वाजतेय गं." मग डोळे मिटूनच पुटपुटला, "गिऱ्हाईकाला सांग, आरसा उद्या देतो."

"आरसा गेला खड्ड्यात! डोळे उघड!" मी किंचाळले. हा माणूस माझ्या हाताखालून निसटतोय आणि मला तो धरून ठेवता येत नाही, एवढंच मला कळत होतं.

तेवढ्यात सासरे गुडघ्यांवर रांगत जवळ आले. बनियनवर होते, हातात चिमटा.

"जरा हात काढ. एखादा कण आत राहिला असेल."

"नाही."

"अगं, बघू तर दे. उभा जन्म गेला माझा यात!"

"बाबा, फेका तो चिमटा!" सासऱ्यांसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता, तो तेव्हा चढला. "माझ्या हातांवर तुमचे हात ठेवा आणि दाबा. माझ्यात जोर उरला नाही आता."

चिमटा खाली पडला. फुटलेल्या काचांत हात टेकत ते पुढे सरकले आणि सगळं वजन माझ्या हातांवर टाकलं. माझी बोटं मोडतील की काय असं वाटलं, पण मला ते हवंच होतं.

"मीच म्हटलं त्याला, ओढ म्हणून," ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले.

हो, तुम्हीच, असं ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "दाबा."

नवऱ्याचे ओठ पांढरे पडले. मी हाका मारत होते, तो ओ देत नव्हता. दिसेल त्या देवाला मी साकडं घातलं, शिव्याही दिल्या.

गाडी आली. तिच्यातल्या माणसाने जखमेच्या वर, दंडाला पट्टा आवळला आणि आवळता आवळता विचारलं, "काच कुणी काढली?"

मी भिजलेली ओढणी गोळा करत राहिले.

"आत असती तर तिनेच बूच मारून ठेवलं असतं," तो म्हणाला. रागाने नाही, काम करता करता सहज.

इस्पितळात आम्ही दोघं बंद दारासमोर बाकावर बसून राहिलो. डॉक्टर बाहेर आले. "जीव वाचला," ते म्हणाले. "बोटं हलतील की नाही, ते आत्ता सांगता येणार नाही."

मी ढसाढसा रडले. सासरे रडले नाहीत. ते आपल्या तळहाताकडे बघत होते. अंगठ्याखाली आरशाची एक किरच चमकत होती, कुसळाएवढी. एवढीशी रुतली तर आमच्याकडे लागलं असंसुद्धा म्हणत नाहीत. नखाने निघाली असती. पण ते दुसऱ्या हाताने तो हात सांभाळून बसले होते, केव्हापासून कोण जाणे.

हात माझ्यापुढे करून त्यांनी विचारलं, "ही काढू का गं?"