झाकणाच्या आतले भाव

मित्रांनो, मी पत्र्याचा डबा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझा एक कोपरा चेपला आहे, तळाला गंज धरला आहे. बाहेरून पाहाल तर तुम्ही मला ओलांडून पुढे जाल. पण माझे झाकण उघडून आतल्या बाजूला पाहिलेत, तर तुम्हाला खिळ्याने ओरखडलेल्या रेघा दिसतील. प्रत्येक रेघेपुढे एक साल आहे आणि एक आकडा आहे. माझी सगळी गोष्ट त्या रेघांमध्ये आहे.

माझा पहिला जन्म गोडेतेलासाठी झाला. तेल संपल्यावर दुकानदाराने मला रिकामा विकला. नाशिकच्या भद्रकालीत एका पत्राकाम करणाऱ्याने माझे वरचे तोंड कापले, कडा आत वळवली, बिजागरीचे झाकण आणि कडी लावली. हे १९७० साली झाले. तिथून मालनबाईने मला डोक्यावर घेतले आणि नाशिकरोडला तिच्या भाड्याच्या खोलीत आणले.

मालनबाईचा नवरा सहादू. नाशिकरोडच्या ज्या छापखान्यात पोस्टाची तिकिटे आणि बचतीचे कागद छापतात, तिथे तो छापलेले ताव मोजायचे काम करी. हात इतका बसलेला, की बोलता बोलता ताव मोजी आणि एकही चुकत नसे. मालनबाई घरी गोधड्या शिवी. तिचे माहेर लासलगावजवळचे. वडिलांबरोबर कांद्याच्या लिलावाला जाऊन ती लहानपणीच एक गोष्ट शिकली होती. गोणीतला कांदा तोच असतो, सकाळचा भाव दुपारी राहत नाही.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी, नवी ज्वारी बाजारात आली, की ती मला घासून, उन्हात वाळवून काठोकाठ भरायची. पहिल्या वर्षी मी बारा रुपयांत भरलो. तिने खिळा घेतला आणि झाकणाच्या आत पहिली रेघ ओढली. ७० – १२. सहादूने विचारले, हे कशाला? ती म्हणाली, असंच, बघू पुढच्या वर्षी काय होतंय. तिला एवढीच उत्सुकता होती.

त्याच वर्षी तिने गोधड्यांचे शंभर रुपये पोस्टाच्या पासबुकात ठेवले. चार वर्षांनी काढायला गेली, तेव्हा व्याज धरून एकशे अठरा मिळाले. सहादू खूश झाला. बसल्या जागी अठरा रुपये आले, असे तो म्हणाला. मालनबाईने मला पुढे ओढले. तिने माझे झाकण उघडले. मधल्या काळात दुष्काळ पडून गेला होता. ७४ च्या रेघेपुढे २४ होते. तिने चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर रेघा मारल्या. पैसे ठेवले, तेव्हा शंभरात आठ डबे भरून वर चार रुपये उरत होते. आता एकशे अठरांत पाचवा डबासुद्धा पुरा भरत नव्हता.

"अवं, हे व्याज नाय," ती म्हणाली. "आठ डबे देऊन आपण पाच घेऊन आलो, आणि वरून पेढे वाटायला निघालो."

सहादूने फरशीवरच्या रेघा दोनदा मोजल्या. ताव मोजणारा माणूस, पण त्याने आजवर फक्त कागद मोजला होता. त्या कागदात काय मावते, हे त्याने कधी मोजले नव्हते.

मित्रांनो, मलाही त्या दिवशी नवल वाटले. मी चार वर्षांत एका बोटानेही वाढलो नव्हतो. माझ्यात मावणारी ज्वारी तेवढीच होती. मला भरणारा रुपया मात्र लहान झाला होता. भाव दरवर्षी चढतोच असेही नाही. ७६ साली तो खाली आला आणि मालनबाईने मोठ्या आनंदाने २० लिहिले. पण तो पुन्हा चढू लागला.

मग १९८१ साल आले. दोघांनी जेलरोडला एक लहानसा प्लॉट घेतला होता. सहादूच्या फंडातून काढलेली रक्कम त्यातच गेली. भिंती रविवारी रविवारी आपल्या हाताने उभ्या करायच्या असे ठरले. प्रश्न छपराचा होता. सहादूने सिमेंटचे पत्रे, लाकूड आणि मजुरी विचारून हिशेब आणला. दोन हजार. घरात जमलेले होते दीड हजार.

त्याच उन्हाळ्यात पोस्टात नवी बचतपत्रे आली. पैसे सहा वर्षांत दुपटीच्या थोडे वर जाणार होते. सहादू घाईघाईने घरी आला. त्याचे म्हणणे सरळ होते. हजार रुपये पोस्टात टाकू, सहा वर्षांत दोन हजार होतील, छप्पर झाले. उरलेल्या पाचशेचा चांगला मोठा रेडिओ घेऊ. दुकानात जाऊन रेडिओ वाजवूनही बघितला होता त्याने.

मालनबाईने विचारले, "पत्र्याचा भाव सहा वर्षं झोपून राहणार हाय का?"

"दुप्पट म्हणजे दुप्पट. सरकारी कागद हाय. मी सोता छापतो."

"तुम्ही छापता हो. वाचता का?"

ती मला ओढून मध्ये घेऊन बसली. त्या वर्षी मी पंचवीस रुपयांत भरलो होतो. म्हणजे छप्पर झाले ऐंशी डब्यांचे आणि हजार रुपये झाले चाळीस डब्यांचे. अकरा वर्षांत बाराचे पंचवीस झाले होते. ती म्हणाली, सहा वर्षांनी हा डबा चाळीसला भरेल. तेव्हा तुमचे दोन हजार म्हणजे पन्नास डबे. रुपये दुप्पट होतील, पण चाळीस डब्यांचे पन्नासच होतील. कागदाचे खरे व्याज दहा डबे. छपराला हवेत ऐंशी. उरलेल्या तीस डब्यांच्या जागी तुमचा रेडिओ लावायचा का?

सहादू दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी दोघे मिळून पोस्टात गेले आणि पुरे दीड हजार भरून आले. एक कागद हजाराचा, एक पाचशेचा, दोघांच्या नावावर. मालनबाईने सही केली. ती बायकांच्या रात्रशाळेत शिकलेली सही होती, प्रत्येक अक्षर वेगळे बसलेले. दीड हजार म्हणजे साठ डबे, सहा वर्षांनी पंचाहत्तर. राहिलेले पाच डबे मी गोधड्यांतून काढीन, ती म्हणाली.

पोस्टातली एक गोष्ट तिने घरी येऊन हसत सांगितली. तिने खिडकीतल्या बाबूंना विचारले होते, की साहेब, असा कागद नाही का, ज्याच्यावर रुपयांच्या जागी ज्वारीचे डबे लिहिलेले असतील? म्हणजे भाव वाढला तर कागदही तेवढा वाढेल, आणि वर जे मिळेल तेच खरे व्याज. बाबूंनी पेन खाली ठेवले. असा कागद सरकारने अजून काढलेला नाही, ते म्हणाले, आणि काढला तर तुम्हाला घरून बोलावून आणीन. रांगेतले लोक हसले. पण मित्रांनो, मला तो प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. अजून वाटत नाही.

ते दोन कागद एका पिशवीत गुंडाळून माझ्या तळाशी ठेवले गेले. वर ज्वारी. माझी ती सर्वांत चांगली वर्षे. शेजारच्या भागीबाई झाकणावरच्या रेघा बघून चेष्टा करीत, की मालनबाईच्या घरी कॅलेंडरसुद्धा पत्र्याचे आहे. रविवारी दोघे जेलरोडला जात. ती विटा देई, तो रचत असे. चार वर्षांत भिंती छपरापर्यंत आल्या.

८५ च्या एप्रिलमध्ये मालनबाईने मला शेवटचे भरले. पोटाच्या दुखण्याने तिच्याने उभे राहवत नव्हते. सहादू कामावर होता. तिने ८५ – ३४ अशी रेघ ओढली. मग थोडा वेळ बसून राहिली. आणि तिने खाली आणखी दोन रेघा ओढल्या, अगदी हलक्या हाताने. ८६ – ३७. ८७ – ४०. पुढे जागा मोकळी सोडली आणि झाकण लावले.

पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतर सहादूने मला भरले नाही. तो किलो-दोन किलो पीठ आणायचा, तेही कधी कधी. मी कोपऱ्यात राहिलो. झाकणावर धूळ बसली. ८६ चा एप्रिल आला आणि गेला. मला तोंड आहे, पण डब्याला बोलता येत नाही. आत काय लिहिले आहे ते मी त्याला कसे सांगणार?

८७ च्या मे महिन्यात कागदांची मुदत पुरी झाली. सहादूने झाकणाकडे न बघताच ते माझ्यातून काढले, तो पोस्टाच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्या आठवड्यातही तसेच. जेलरोडला भिंती उघड्या पडल्या होत्या. मातीत रचलेल्या विटा. दोन पावसाळे त्यांनी कसेबसे काढले होते, एक भिंत बाहेर झुकली होती. गवंडी सांगून गेला, की या पावसाआधी छप्पर चढले नाही तर भिंती पडतील. तरी सहादू जाईना. आवराआवर करताना त्याने कागद ट्रंकेत ठेवले आणि मला भागीबाईंना कोळसा ठेवायला देऊन टाकले.

भागीबाईंनी मला मोरीत नेले. काथ्या घेतला, राख घेतली आणि झाकण उघडले. हात तिथेच थांबला. मग तशाच ओल्या हातांनी त्या मला घेऊन परत आल्या.

"सहादूभाऊ, वहिनी गेल्या पंच्याऐंशीला ना?"

"हो."

"मग हे सत्त्याऐंशी कुणी लिहिलं?"

सहादू जवळ आला. त्याने झाकण उजेडाकडे फिरवले. अक्षर तिचेच होते. भागीबाईंनी विचारले, की पोस्टात का जात नाही? तेव्हा तो म्हणाला, "त्या कागदावर तिची सही हाय. तो दिला का ती पण गेली."

"तुमच्या ट्रंकेत कागद वाढतोय का आता? मुदत संपली त्याची. तिकडं पत्र्याचा भाव कुणासाठी थांबतोय?" भागीबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "निदान बघा तरी, तिचा आकडा बरोबर आला का."

हे शेवटचे वाक्य त्याला लागले. जा म्हणून आजवर सगळ्यांनी सांगितले होते, बघा म्हणून कुणी सांगितले नव्हते. त्याने मला खांद्यावर टाकले आणि तो बाजारात गेला. किराणावाल्याला म्हणाला, काठोकाठ भर. दोन वर्षांनी माझ्यात ज्वारी पडली, तो आवाज मला अजून आठवतो.

किती झाले?

एक्केचाळीस.

सहादूने पुन्हा विचारले. किराणावाल्याला वाटले हा घासाघीस करतो आहे, म्हणून तो चिडला. सहादू मात्र हसत होता आणि डोळे पुसत होता. घरी येऊन त्याने खिळा शोधला आणि ४० च्या शेजारी ४१ लिहिले.

"मालन," तो म्हणाला, "एका रुपयानं चुकलीस."

दुसऱ्या दिवशी तो पोस्टात गेला. कागद खिडकीत सरकवण्याआधी त्याने तिच्या सहीवर एकदा बोट ठेवले. हातात आले तीन हजार बावीस रुपये पन्नास पैसे. छपराचा नवा हिशेब होता तीन हजार तीनशे. त्याने तो माझ्या मापाने मोजून पाहिला. जवळजवळ ऐंशी डबेच. छप्पर तेवढेच राहिले होते. कमी पडलेले पैसे गवंड्याने दोन पगारांत घ्यायचे कबूल केले. पाऊस लागला, तेव्हा पत्रे चढून चार दिवस झाले होते.

मित्रांनो, आता मी त्याच छपराखाली असतो. घरात अजून रेडिओ नाही. दर एप्रिलला सहादू मला भरायला नेण्याआधी मालनबाईसारखाच आपला अंदाज हलक्या हाताने लिहितो, आणि बाजारातून आल्यावर खरा भाव शेजारी लिहितो. तो दरवर्षी चार-पाच रुपयांनी चुकतो.

तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. तो घासाल तेव्हा आतून एकदा पाहून घ्या आणि मग राख लावा. आणि कुणी तुम्हाला सांगितले, की तुमचे पैसे दुप्पट होतील, तर जरूर ठेवा. फक्त त्याला एवढे विचारा, की तेव्हा डबा कितीत भरेल? त्याला सांगता येणार नाही. सहादूलाही येत नाही. मालनबाईला आले होते, आणि तीसुद्धा एका रुपयाने चुकली.