कोरडा फिरवलेला दांडा

जुन्या गिअरबॉक्सचं एक बरं होतं, बिघडण्याआधी तो कुरकुरायचा. बेअरिंगचे रोलर झिजले की ताईच्या कानाला आधी कळायचं. हेलिकॉप्टरच्या कारखान्यात जोडणी करण्यात तिची हयात गेली होती. नव्यात रोलरच नव्हते. पंप तेल दाबून धरायचा आणि त्या तेलाच्या पातळ थरावर दांडा अधांतरी फिरायचा. झीज नाही, आवाज नाही. ही मुकी शांतताच तिच्या जिवाला घोर लावायची.

आज नव्या गिअरबॉक्सचं पहिलं उड्डाण. पायलट तिचा धाकटा भाऊ.

"ताई, तोंड का पाडलंयस? उडायचंय मला, तुला नाही," शिडी चढता चढता तो म्हणाला.

"गप रे! पट्टा नीट आवळ."

हसत ती चिंधीने हात पुसू लागली, आणि हात थबकला. सकाळी झाकण लावताना तिने दांडा हाताने फिरवून पाहिला होता. इतक्या वर्षांची सवय. रोलर होते तेव्हा ते बरोबरच होतं. पण सकाळी पंप बंद होता! तेलाचा दाब नसला की दांडा खालच्या मऊ धातूवर टेकतो. फिरवला की खरवडतो. तेल सोडणारी भोकं सुईच्या टोकाएवढी. एखाद्यात कीस अडकला तर तिथलं तेल बंद, आणि वर आभाळात दांडा धातूवर बसणार. जराही न कुरकुरता.

तिने मनातल्या मनात देवाला हाक मारली. पण तो काही तिच्या वतीने बोलणार नव्हता. पाती फिरायच्या बेतात होती.

"थांबवा!" स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "सकाळी मी दांडा कोरडा फिरवलाय."

मोठे इंजिनिअर धावत आले. "अहो बाई, पंप चालू असल्याशिवाय फिरवू नका म्हणून कानीकपाळी ओरडलो होतो ना!"

"ऐकलं होतं, साहेब. हातांनी ऐकलं नाही."

गिअरबॉक्स उघडला. तिने बेअरिंगच्या आतून नख फिरवलं. नख अडलं. एका भोकाच्या तोंडाशी केसाएवढा कीस चकाकत होता.

भाऊ खांद्यावरून वाकून बघत होता.

"नवं बेअरिंग तूच बसव, ताई," तो हलकेच म्हणाला. "मग मी उडेन."

"दुसऱ्या कुणाला तरी सांग रे." तिने दोन्ही हात काखेत गच्च दाबून धरले होते. "मला या हातांची भीती वाटते."