नमुना अर्ज

ऑफिसात मला लाल पेन म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मला ऐकू येतं. माझं काम अर्ज तपासायचं. आमच्या कंपनीचं ॲप अर्धं शहर वापरतं, निरोप पाठवायला, बातम्या वाचायला, स्वतःचं पान चालवायला. एखाद्या पानामागे कोण आहे हे सरकारला हवं असलं की मंत्रालयातून अर्ज निघतो आणि सरळ माझ्या टेबलावर येतो. अर्ज बरोबर असेल तर चोवीस तासांत त्या माणसाचं नाव, नंबर आणि पत्ता द्यायचा. चुकला असेल तर परत पाठवायचा. स्क्रीनवर दोनच बटणं आहेत. अर्ज बरोबर असला पण मागणीच वाईट वाटली तर काय करायचं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. साहेब म्हणाले, असं काही वाटण्यासाठी मुख्य कार्यालयात वेगळा विभाग आहे.

मुख्य कार्यालय समुद्रापलीकडे आहे. तिथून दर वर्षी गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल येतो. त्यात आमच्या देशापुढे लिहिलेलं असायचं, एकेचाळीस टक्के मागण्या नाकारल्या. सगळे टाळ्या वाजवायचे. आता ते एकेचाळीस टक्के म्हणजे कोण, तर मी. शिक्का नाही, सही नाही, तारखेत खाडाखोड, म्हणून मी परत पाठवलेले अर्ज. तेच अर्ज दोन दिवसांत सुधारून यायचे आणि मुकाट मंजूर व्हायचे. ते कुठे छापत नसत.

गेल्या वर्षी मंत्रालयात नवा कारकून आला. माणूस सज्जन, पण अर्ज भरण्यात अगदी कच्चा. एकच अर्ज त्याने सहा वेळा चुकवला. चुकीचा कागद मला बघवत नाही, हा माझा जुना आजार. सातव्या वेळी माझं डोकं फिरलं आणि मी स्वतः एक नमुना अर्ज भरून त्याला पाठवला. शिक्का इथे, सही तिथे, यापुढे असंच लिहीत जा. त्याने आभाराचं पत्र पाठवलं, साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि तेव्हापासून एकही अर्ज परत गेला नाही. काय नीटनेटके यायचे म्हणून सांगू. मी खूश होते, हे आज सांगताना लाज वाटते.

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास 'आजच्या खाटा' या पानाचा अर्ज आला. हे पान सगळेच वाचत होते. चौकात गोळीबार झाला तेव्हा कोणाला खरचटलंही नाही असं सरकारने जाहीर केलं, आणि त्याच संध्याकाळपासून या पानावर रोज एक ओळ येऊ लागली. आज किती जखमी दाखल झाले, किती गेले. बाकी एक शब्द नाही.

मी नोंद उघडली. पान ताईच्या नावावर होतं. पासवर्ड विसरला तर संपर्क करायचा नंबर माझा होता.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात बसून तिने ते उघडलं होतं. ताई सरकारी इस्पितळात नर्स आहे, पाळ्यांची अदलाबदल कळवायला तिला एक पान हवं होतं. तू पासवर्ड विसरशील, माझा नंबर टाक, असं मीच म्हटलं होतं. पुढे तिने त्याचं नाव बदललं आणि मला कळू दिलं नाही. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की भीती वाटायला पाचेक मिनिटं लागली.

अर्जात ओळखीचं माणूस निघालं तर काय करायचं याचाही आमच्याकडे नियम आहे. हितसंबंधाचा फॉर्म भरायचा आणि काम शेजारच्या टेबलावर सरकवायचं. म्हणजे मी प्रामाणिक ठरले असते आणि ताईला दुपारच्या आत उचललं असतं. कॉफीच्या मशीनशेजारी आमची नीतिमूल्यं फ्रेम करून टांगलेली आहेत, त्यात हा नियम चौथा.

मी अर्जात चूक शोधायला बसले. शिक्का जागेवर, सही जागेवर, तारीख स्वच्छ. माझीच शिकवण, खोट काढणार कुठे? शेवटी कलमाच्या रकान्यावर नजर गेली. कलम ९९. ड्रॉवरमधून कायद्याचं पुस्तक काढलं. कायदा चौसष्टाव्या कलमाला संपत होता. मला अक्षरशः हसू आलं. 'अस्तित्वात नसलेलं कलम' असा शेरा मारला आणि अर्ज परत पाठवून दिला.

दहा मिनिटांत कारकुनाचा फोन आला. आवाज दुखावलेला.

"मॅडम, तुमच्या नमुन्यात नव्व्याण्णवच आहे. मी वर्षभर तसंच लिहीत आलोय."

मी नमुना उघडला. होतं. रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी हाताला येईल तो आकडा टाकला होता. त्याने तो इमानदारीत उतरवला, आणि मी, जिच्या नजरेतून स्वल्पविराम सुटत नाही ती मी, प्रत्येक वेळी त्यावरून नजर फिरवत गेले. आपलंच अक्षर कोण तपासतं? यादी काढून बघितली. एकशे सदतीस अर्ज. सगळ्यांवर कलम ९९, सगळे मंजूर, सगळ्यांखाली माझं नाव. नसलेल्या कायद्याखाली मी एकशे सदतीस माणसं काढून दिली होती.

मी यादी घेऊन साहेबांकडे गेले. ताईचं नाव काढलं नाही. बाकी सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता तरी हे थांबवा, निदान जे झालं ते जाहीर करा. साहेबांनी मुख्य कार्यालयातल्या वकीलबाईंना स्क्रीनवर बोलावलं. त्या फार गोड बोलल्या. माझ्या बारीक नजरेचं कौतुक केलं. मग त्या दोघांनी वीस मिनिटांत तोडगा काढला. मंत्रालय एका ओळीचं पत्र देईल, की सर्व जुन्या अर्जांत ९९ च्या जागी १९ वाचावे. आजचा अर्जही दुरुस्त होऊन चारपर्यंत येईल.

"आणि ती एकशे सदतीस माणसं?" मी विचारलं.

"त्यांचं काय?" साहेब खरंच गोंधळले होते. "कागद तर आता बरोबर झाले ना."

या माणसाशी भांडायचं तरी कसं, मला कळेना. दगड असता तर डोकं आपटता आलं असतं. साहेब भला माणूस आहे, माझ्या आईच्या आजारपणात स्वतः गाडी घेऊन आला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी इस्पितळात गेले, चालत दहा मिनिटांवर आहे. ताई कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. चारच्या आत निघ, म्हटलं. ती घाबरली नाही. कसं कळलं, एवढंच विचारलं, आणि मी काहीही न लपवता सगळं सांगितलं, नमुन्यासकट. ऐकताना तिचे हात चालूच होते.

"मला सांगायला तू आलीस," ती म्हणाली. "त्या बाकीच्यांकडे कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, ताई, आत्ता ही वेळ आहे का. तिने ॲप्रन काढला, त्याचीही घडी घातली आणि चादरींवर ठेवला. कुठे जातेय ते तुला सांगत नाही, तुला विचारतील, एवढं म्हणून ती धुलाईच्या दाराने बाहेर पडली. जाताना तिने माझ्या गालावर हात ठेवला नाही. लहानपणापासून ठेवते.

चार वाजता अर्ज आला. कलम १९. शिक्का, सही, तारीख. इतका सुंदर अर्ज मी आयुष्यात पाहिला नव्हता. मंजुरीचं बटण दाबलं नाही. उद्या चारपर्यंत ते घड्याळ माझं होतं. त्यानंतर अर्ज आपोआप शेजारच्या टेबलावर जाणार, ते टेबल बटण दाबणार आणि माझा नंबर वाचून माझ्याकडे वळून बघणार, हे मला माहीत होतं.

मी एकशे सदतीसची यादी समोर घेतली. पहिल्या ओळीत एका छपाई कामगाराचं नाव होतं, खाली घरचा नंबर. तिथेच बसून स्वतःच्या फोनवरून लावला. एका म्हाताऱ्या बाईने उचलला. मी त्याचं नाव घेतलं. तो आठ महिन्यांपासून घरी नाही, ती म्हणाली, आणि कोण बोलतंय ते तिने विचारलं.

"तुमच्या मुलाचा अर्ज मी तपासला होता," मी म्हणाले. "त्यात चूक होती. माझी चूक होती."

मग तिने अगदी जपून विचारलं, "म्हणजे आता सोडतील का हो त्याला?"